कार्यादेशानंतरचे कागदही उघडे करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जलसंपदा खात्याच्या निविदांवर आपल्या दैनिकात अधूनमधून येणाऱ्या बातम्या मी न चुकता वाचतो. निविदा किती जणांनी भरली, दर किती टक्के जादा गेला, कोणत्या अटीमुळे कोण बाद झाला यावर त्यांत भर असतो. बातम्या चुकीच्या नसतात. पण पाटबंधारे विभागाच्या लेखा शाखेत माझी सगळी नोकरी गेली आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो, निविदा उघडण्याचा दिवस हा त्या कामाच्या उभ्या आयुष्यातला सर्वांत स्वच्छ दिवस असतो. खरा पैसा हलतो तो कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, ठेकेदाराच्या हातात पडल्यानंतर. तेव्हा तिथे ना पत्रकार असतो, ना दुसरा ठेकेदार, ना ज्याच्या शेतासाठी कालवा काढायचा तो शेतकरी.

एका कामाचा प्रवास असा असतो. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी, मग निविदा, मग कार्यादेश. त्यानंतर मोजमाप पुस्तकात झालेल्या कामाच्या नोंदी आणि रनिंग बिले, म्हणजे काम होईल तशी निघणारी बिले. मध्येच अतिरिक्त बाबी निघतात, परिमाणे वाढतात, मुदतवाढ लागते, भाववाढ द्यावी लागते. हे सगळे मूळ मंजूर रकमेत मावेनासे झाले की सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यायची. खात्यात तिला ‘सुप्रमा’ म्हणतात. एका प्रकल्पाला पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा कितीही सुप्रमा मिळू शकतात. या साखळीतली निविदा ही एकच कडी जनतेला दिसते. ई-निविदा आली, महाटेंडर्सचे पोर्टल आले, त्यामुळे तेवढी कडी बरीच घासूनपुसून लखलखीत झाली, हे मान्य करायला हवे. पूर्वी निविदेचा कोरा फॉर्म विकत घ्यायला आलेल्या माणसाला कार्यालयाच्या फाटकावरच अडवले जाई. ते आता बंद झाले. ठेकेदारांनी आपसांत संगनमत करून निविदा भरणे मात्र बंद झालेले नाही, पण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यापुढचे लिहायचे आहे.

उत्खननापासून सुरुवात करतो, कारण धरण असो की कालवा, पहिली मोठी रक्कम खोदाईतच जाते. अंदाजपत्रकात खोदाईचे वर्गीकरण असते: माती, मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. प्रत्येकाचा घनमीटरचा दर वेगळा, आणि माती व कठीण खडक यांच्या दरांत कित्येक पटींचा फरक. जमिनीखाली काय आहे हे निविदेआधी चाचणी खड्डे घेऊन, विंधन विवरे (बोअर) घेऊन ठरवायचे असते. ते खड्डे पुरेसे घेतले जात नाहीत. घेतले तरी त्यांचा तक्ता निविदेच्या कागदांना जोडलेला असेलच असे नाही. मग कार्यादेशानंतर मुरूम कमी होतो, खडक वाढतो आणि बिल फुगते. मी ज्या विभागात होतो तिथे एका कालव्याच्या कामात हे घडले. आक्षेप काढला तेव्हा उत्तर आले, ‘प्रत्यक्ष स्थळपरिस्थितीनुसार’. हे दोन शब्द आमच्याकडे ब्रह्मास्त्र मानले जातात. ठेकेदाराचा माणूस तर मला हसून म्हणाला, “साहेब, दगड बिलात नसतो, जमिनीत असतो.” तोवर कालवा खोदून झाला होता, बाजूंना भराव चढला होता, निघालेला माल कुठल्या कुठे गेला होता. तिथे खडक होता की मुरूम हे सिद्ध करायला आता काय उरले होते? आक्षेप आजही कुठल्यातरी वहीत असेल. बिल केव्हाच पास झाले.

दुसरी जागा म्हणजे ‘लीड’, म्हणजे माल आणण्याचे अंतर. मातीच्या धरणाच्या गाभ्यात काळी चिकणमाती लागते, तिला हार्टिंग म्हणतात. बाहेरच्या बाजूला मुरमाचे केसिंग. ही माती कुठल्या खाणीतून आणायची, तिथपासून धरणापर्यंत अंतर किती, यावर वाहतुकीचा दर ठरतो. अंदाजपत्रकात जवळची खाण दाखवायची आणि काम सुरू झाले की ‘तिथली माती चाचणीत उतरली नाही’ म्हणून लांबची खाण मंजूर करून घ्यायची. कधीकधी हे खरेही असते, माती खरोखरच उतरत नाही. पण मग ती चाचणी निविदेआधी का झाली नाही, हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. तिसरी जागा पाणी उपसा. पायाच्या खड्ड्यात झरे लागले की पंप लावून पाणी काढावे लागते आणि त्याचे पैसे पंपाच्या अश्वशक्तीवर व तासांवर निघतात. उपसलेले पाणी मागे काहीच पुरावा ठेवत नाही. उरते ती फक्त लॉगबुक.

आता थोडे कलमांविषयी, कारण वाचकांना ही गोष्ट सहसा कळत नाही. आपल्याकडे बी-१ म्हणजे टक्केवारी दराची निविदा, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी-जास्त एवढेच सांगायचे, आणि बी-२ म्हणजे बाबनिहाय दराची, प्रत्येक बाबीला वेगळा दर लावायचा. निविदेच्या अटींत ३८ वे कलम असते. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेतल्या परिमाणाच्या १२५ टक्क्यांच्या पुढे गेले, तर त्यावरच्या परिमाणाला निविदेचा दर न देता नव्या दरसूचीवर बेतलेला दर द्यायचा. कलमाचा हेतू चांगला आहे. ठेकेदारावर अन्याय नको आणि सरकारवरही नको. पण निविदेत नसलेली बाब निघाली की तिला स्वतंत्र दर मंजूर करून घ्यावा लागतो. अशा अतिरिक्त बाबींची यादी एकेका मोठ्या कामात इतकी लांबते की मूळ निविदा बाजूला ठेवून दुसरीच निविदा, स्पर्धेशिवाय, त्याच ठेकेदाराला दिल्यासारखे होते. बी-२ मध्ये आणखी एक खुबी आहे. कोणती बाब पुढे वाढणार आणि कोणती घटणार हे ज्याला आधी कळते, तो वाढणाऱ्या बाबीला दर जास्त लावतो, घटणाऱ्या बाबीला कमी. बेरीज सगळ्यांत कमी येते, निविदा त्याची लागते. स्पर्धा झाली असे आपण म्हणतो. स्पर्धा झाली ती फक्त माहिती कोणाकडे आहे याची.

मुदतवाढीचे प्रकरणही असेच. उशीर ठेकेदारामुळे झाला तर दंड. खात्यामुळे झाला तर दंड नाही, वर भाववाढ द्यायची. कालव्याचे भूसंपादन झालेले नसताना कार्यादेश दिला की उशिराचे खापर आपोआप खात्यावर फुटते. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत हा आक्षेप मी किती वर्षे वाचत आलो आहे. जमीन ताब्यात नाही, वनखात्याची परवानगी नाही, पुनर्वसन अर्धवट, आणि तरी कार्यादेश निघालेला. यंत्रे येऊन उभी राहतात, अग्रिम दिला जातो, काम मात्र दोन टोकांना थोडे थोडे होते आणि मधला शेतकरी जमीन सोडत नाही. तो का सोडेल? त्याचा मोबदला मिळालेला नसतो.

हे सगळे राज्य पातळीवर किती मोठे होते ते सगळ्यांना माहीत असलेल्या आकड्यांतूनच पाहू. विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन एप्रिल १९८८ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ किंमत ३७२ कोटी. नंतर एका सुप्रमेत ती १८,४९४ कोटींवर गेली आणि तिथेही थांबली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातले निळवंडे धरण १९७० मध्ये मंजूर झाले तेव्हा खर्च आठ कोटींच्या आसपास धरला होता. २०२३ मध्ये जलपूजन झाले तेव्हा आकडा पाच हजार कोटींच्या पुढे होता. यात महागाई आहे, २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे वाढलेला मोबदला आहे, वाढलेली व्याप्तीही आहे. सगळीच वाढ म्हणजे भ्रष्टाचार असे म्हणणारा मी नाही. पण विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळातल्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांच्या अवधीत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली, ती कोणत्या महागाईने? तेवढ्या अवधीत सिमेंट चौपट झाले नव्हते आणि डिझेलही नाही.

या एका प्रश्नासाठी समित्या किती झाल्या? जलसंपदा खात्याचे माजी सचिव नंदकुमार वडनेरे यांची झाली. मग २०१२ मध्ये आर्थिक पाहणीतल्या एका टक्केवारीवरून वादळ उठले. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्च झाले आणि पिकाखालच्या क्षेत्रात सिंचनाचा वाटा १७.८ वरून १७.९ टक्के झाला, म्हणजे ०.१ टक्का वाढला, अशी ती चर्चा. नोव्हेंबरमध्ये सरकारची सिंचनावरची श्वेतपत्रिका निघाली, तिने हा आकडा खोडून काढला. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळात आला. चितळे साहेबांना १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला होता, तेव्हा पाण्याचा माणूस निवडण्यात चूक झाली असे कोणी म्हणणार नाही. पुढे गुन्हे दाखल झाले, चौकशीच्या फेऱ्या झाल्या, न्यायालयात प्रतिज्ञापत्रे झाली. त्या राजकारणात मला जायचे नाही, कारण त्यात एकदा शिरले की मोजमाप पुस्तक बाजूला पडते आणि कोण कोणत्या पक्षात गेला याच्याच गोष्टी सुरू होतात. एवढे मात्र नोंदवतो की त्या वादानंतर बरीच वर्षे आर्थिक पाहणीच्या सिंचनक्षेत्राच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असेच छापून येत राहिले. आकड्यावर वाद झाला, म्हणून आकडाच नाहीसा केला.

आता कारभाराकडे येतो. १९९६ ते १९९८ या काळात कृष्णा खोरे, विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी पाच महामंडळे कायद्याने स्थापन झाली. कृष्णा महामंडळाच्या घाईचे कारण सर्वांना ठाऊक आहे. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० च्या आत वापरात आणायचे होते. सरकारी तिजोरीत एवढा पैसा नव्हता, म्हणून महामंडळाने रोखे काढून लोकांकडून पैसा उभा केला. महामंडळ म्हणजे स्वायत्त संस्था, झटपट निर्णय घेईल, बाजारातून पैसा आणेल, अशी कल्पना होती. पैसा आला, व्याजही सुरू झाले. स्वायत्तता मात्र आली नाही. महामंडळाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष जलसंपदा मंत्री. खात्याचे प्रमुखही तेच. म्हणजे महामंडळाने प्रस्ताव पाठवायचा आणि खात्याने तपासायचा, यात पाठवणारा आणि तपासणारा एकच. कार्यकारी संचालक हा त्याच खात्यातला अभियंता, उद्या त्याची बदली त्याच खात्यात होणार. मंडळात वित्त विभागाचा प्रतिनिधी असतो, पण तो बैठकीला आला का, आणि त्याने विरोध नोंदवला तर तो इतिवृत्तात उतरला का, हे बाहेर कोणालाच कळत नाही, कारण इतिवृत्ते प्रसिद्ध होत नाहीत. बैठक न घेता ठराव सहीसाठी फिरवूनही कामे मार्गी लावता येतात.

वरच्या पातळीवर कायद्याचे काय झाले तेही पाहा. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. एकात्मिक राज्य जल आराखडा आधी करायचा, नवे प्रकल्प त्यातच बसवायचे, असे तो सांगतो. त्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद. तिची पहिली बैठक २०१५ मध्ये झाली. कायद्याला दहा वर्षे झाल्यावर. दरम्यान गोदावरी मराठवाडा महामंडळात आराखडा नसतानाच १८९ प्रकल्पांना मान्यता दिली गेली होती आणि निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी जनहित याचिका केली म्हणून ते चव्हाट्यावर आले. एका निवृत्त शिक्षकाला जे दिसले ते एवढ्या मोठ्या खात्यात कोणालाच दिसले नसेल? दिसलेच असणार. पण दिसले ते लिहून कुठे ठेवायचे, आणि लिहिले तर ते कोण वाचणार, याची व्यवस्था नव्हती. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सेवेत असताना थेट राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले. एवढ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला घरातली गोष्ट अशी पत्राने सांगावी लागते, यावरून घरातली दारे किती बंद होती ते कळावे.

खरे तर एक दार आहे. बाहेरच्या फार थोड्यांना ते माहीत असेल. प्रत्येक विभागात एक विभागीय लेखापाल असतो. त्याची नेमणूक महालेखाकारांच्या कार्यालयाकडून होते, बसतो मात्र तो कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात. बिल पास होण्याआधी तपासणे हे त्याचे काम. त्याला आक्षेप घ्यावासा वाटला आणि कार्यकारी अभियंत्याने तो डावलून बिल पास करायचे ठरवले, तर तो आक्षेप नमुना ६० च्या नोंदवहीत लिहायचा, आणि शेजारच्या रकान्यात कार्यकारी अभियंत्याने आपले आदेश सहीसह लिहायचे, असा नियम आहे. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत. ज्याने हे ठरवले त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक होता. तो लेखापालाला बिल अडवण्याचा अधिकार देत नाही. फक्त डावलणाऱ्याला सही करायला लावतो.

ही नोंदवही आज बहुतेक ठिकाणी कोरी किंवा क्षुल्लक आक्षेपांनी भरलेली सापडेल. प्रवासभत्त्याचे बिल उशिरा आले, पावतीवर तिकीट नाही, अशा गोष्टी. कोट्यवधींच्या लीडबद्दल तिच्यात काही नसते. कारण उघड आहे. लेखापालाची नेमणूक महालेखाकारांची असली तरी त्याची खोली, त्याचा शिपाई, त्याची जीप, त्याच्या रजेचा अर्ज हे सगळे कार्यकारी अभियंत्याच्या हातात. त्यातून ३१ मार्च. मार्च अखेरीला रात्री उशिरापर्यंत बिले येत राहतात, निधी परत जाईल ही भीती घातली जाते आणि आक्षेप तोंडी होतो. “पुढच्या बिलात ऍडजस्ट करू” असे सांगितले जाते. पुढचे बिल येते तेव्हा साहेब बदललेले असतात. मी स्वतः जे आक्षेप लेखी ठेवले ते ठेवले. पण लेखी आक्षेप ठेवणाऱ्या माणसाला कार्यालयात कोणत्या नावाने ओळखतात ते इथे लिहीत नाही, छापण्यासारखे नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. निविदेनंतरच्या कागदांना निविदेइतकाच उजेड द्या. ज्या पोर्टलवर निविदा चढते त्याच पोर्टलवर, त्याच कामाच्या क्रमांकाखाली, कार्यादेश, चाचणी खड्ड्यांचा तक्ता, मंजूर खाणी आणि त्यांचे लीड, प्रत्येक अतिरिक्त बाब व तिच्या दराचे विश्लेषण, ३८ व्या कलमाखालचे प्रत्येक प्रकरण, मुदतवाढीचा आदेश व त्यात उशिराची जबाबदारी कोणावर ठेवली ते, आणि प्रत्येक रनिंग बिलाचा गोषवारा चढला पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ पासून आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ठेकेदारांचे स्पर्धक हे सगळ्यांत चांगले लेखापरीक्षक असतात. ज्याची निविदा थोडक्यात हुकली तो माणूस या कागदातली एकेक ओळ अशी वाचेल की महालेखापरीक्षकांच्या पथकालाही जमणार नाही. आजवर त्याला ती वाचायला मिळत नव्हती.

खडकाच्या बाबतीत एक साधी दक्षता घेता येईल. कठीण खडकाचे परिमाण निविदेपेक्षा अमुक टक्क्यांहून वाढले की खोदाई थांबवून तिथली छायाचित्रे, जागेचे अक्षांश-रेखांश आणि खोदलेल्या दगडाचा ढीग, हे दुसऱ्या विभागाच्या अभियंत्याने येऊन तपासायचे. त्याच विभागाच्या नव्हे. आणि कालव्याच्या कामात लाभक्षेत्रातल्या पाणी वापर संस्थेचा, म्हणजे कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचा, प्रतिनिधी संयुक्त पाहणीला हवा. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा २००५ चाच दुसरा कायदा, त्यात कालवा संस्थेच्या ताब्यात देण्याआधी संयुक्त पाहणी सांगितलीच आहे. मग ती अंतिम बिलाच्या आधी का नको? नाशिक जिल्ह्यात वाघाडच्या शेतकऱ्यांनी अख्ख्या प्रकल्पाचे पाणी स्वतः मोजून वाटले. त्यांना अस्तरीकरणाचा थर मोजता येणार नाही असे समजणे म्हणजे आपल्याच अज्ञानाचे प्रदर्शन.

सुप्रमेचे प्रकरण जरा कडक हवे. मूळ किमतीपेक्षा ठरावीक पटीने वाढ मागणारा प्रस्ताव महामंडळ व खाते यांच्यात न फिरवता वित्त विभागाच्या लेखी मतासह विधिमंडळासमोर ठेवावा. वाढ कशाची किती, हे दरवाढ, भूसंपादन, व्याप्ती, अतिरिक्त बाबी असे वेगळे करून दाखवावे. एकत्र आकडा दिला की सगळ्या वाढीला महागाईचे नाव देता येते. भूसंपादनाचा मोबदला दिल्याचा दाखला जोडल्याशिवाय त्या लांबीचा कार्यादेशच निघू नये. यावर अभियंते मित्र मला म्हणतील की मग काम कधी सुरूच होणार नाही. उशिरा सुरू होईल हे खरे. पण वीस वर्षे अर्धे पडून राहण्यापेक्षा पाच वर्षे उशिरा सुरू होऊन तीन वर्षांत संपलेले परवडते. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला विचारून पाहा.

ठेकेदारांबद्दलही एक शब्द. सगळे ठेकेदार चोर, असे लिहिणे सोपे असते. लहान ठेकेदारांची बिले महिनोन्‌महिने थकतात, व्याज त्यांच्या खिशातून जाते, आणि मग बिल सोडवून घेण्यासाठी त्यांना कोणाच्या दारात उभे राहावे लागते ते मी पाहिले आहे. उशिरा पैसे मिळणार हे धरूनच प्रत्येक जण दर लावतो. जो प्रामाणिक आहे तो दोन कामांनंतर हा धंदा सोडतो, आणि ज्याला वाट काढता येते तो टिकतो. म्हणून प्रत्येक विभागात मंजूर देयकांची प्रतीक्षायादी तारखेसह फळ्यावर आणि पोर्टलवर लागावी. कोणाचे बिल कोणाच्या आधी गेले हे दिसले की बिलामागची निम्मी टक्केवारी, म्हणजे कमिशन, आपोआप मरते.

कायद्याचे म्हणाल तर तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी व निविदांच्या पारदर्शकतेचा कायदा केला. त्यांत डावललेल्या निविदाकाराला अपील करता येते. तिथे घोटाळे होत नाहीत असे नाही, कर्नाटकाच्या ठेकेदारांची कमिशनबद्दलची ओरड आपण ऐकतोच. तरी कायदा मोडला की न्यायालयात काही बोट ठेवायला मिळते. आपल्याकडे सगळा कारभार शासन निर्णयांवर. एक शासन निर्णय नको झाला की दुसरा काढता येतो, आणि खास बाब म्हणून तिसराही. ‘खास बाब’ हा शेरा ज्या फाइलीवर असेल ती फाइल आधी वाचावी, असे आमचे जुने लेखाधिकारी नव्याने रुजू झालेल्यांना सांगत.

नियामक मंडळाच्या अध्यक्षपदी मंत्री नकोत, असे मी म्हणणार नाही. लोकनियुक्त माणूस जबाबदार असायला हवा. पण मग खात्याची छाननी त्याच मंत्र्यांच्या हाताखाली नको, ती वित्त किंवा नियोजन विभागाकडे द्या. मंडळात एक जलतज्ज्ञ, एक लेखातज्ज्ञ आणि लाभक्षेत्रातल्या पाणी वापर संस्थांचा एक प्रतिनिधी असे खात्याबाहेरचे लोक ठरावीक मुदतीसाठी घ्या, ज्यांना बदलीची भीती नाही. बैठकीचे इतिवृत्त ठरलेल्या दिवसांत प्रसिद्ध व्हावे आणि विरोधी मत कोणाचे होते ते नावासह यावे. फिरवून मंजूर केलेले ठराव पुढच्या बैठकीत वाचून दाखवावेत. आणि दर तिमाहीला सगळ्या विभागांच्या नमुना ६० मधले प्रलंबित आक्षेप, त्यावरच्या कार्यकारी अभियंत्यांच्या आदेशांसह, या मंडळासमोर यावेत. एक रुपयाचाही खर्च नाही. वही आहेच.

शेवटी आपल्यालाच एक विनंती. आपल्या वार्ताहरांनी आपापल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही एका पाटबंधारे विभागात माहितीच्या अधिकाराखाली गेल्या पाच वर्षांच्या नमुना ६० नोंदवहीच्या प्रती मागाव्यात. अर्जात ‘कार्यकारी अभियंत्याचे आदेश’ हा रकाना स्पष्ट लिहून मागावा, नाहीतर आक्षेपांची पाने मिळतात आणि आदेशांची राहून जातात. वही कोरी असल्याचे उत्तर आले, तर तेही तसेच्या तसे छापावे, विभागाच्या नावासह आणि त्या पाच वर्षांत तिथून किती रकमेची बिले गेली त्या आकड्यासह.

आपला,
एक निवृत्त विभागीय लेखापाल
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत दिला आहे. प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)